आमच्या अंगणातील तळे

अंगणात तळे बांधून त्यात कोई सोडण्याचा बेत आम्ही शेजारच्या थोरल्या काकांच्या कानी घातला, तेव्हा त्यांनी क्षणभर आमच्याकडे मोठ्या करुणेने पाहिले. “अरे, कोय मातीत पुरतात. पाण्यात टाकलीस तर कुजेल,” ते म्हणाले. आंब्याची कोय आणि जपानचा कोई मासा यांतील भेद समजावून सांगण्यात आमचा अर्धा तास गेला. तो सांगून झाल्यावर काकांनी दुसरा प्रश्न केला, “खाता येतो का?” येतो, परंतु आता सहसा कोणी खात नाही, हे आमचे उत्तर ऐकल्यावर त्यांनी त्या विषयात पुढे रस दाखविला नाही.

वास्तविक हा मासा मूळचा खाण्याचाच. जपानच्या निइगाता प्रांतातील डोंगराळ खेड्यांत हिवाळ्यात बर्फाचे थर साचतात. तेथील शेतकरी भातखाचरांना पाणी पुरविणाऱ्या तळ्यांत हिवाळ्याची बेगमी म्हणून कार्प जातीचे मासे पाळीत. आपल्या रोहू-कटल्याचे हे लांबचे भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात त्या काळ्या-करड्या माशांत अधूनमधून तांबडी, पांढरी पिल्ले निपजू लागली. गरीब शेतकऱ्यांनी ती खाऊन न टाकता जपून ठेवली, निवडून निवडून त्यांची वीण वाढविली, आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती मांडली गेली तेव्हा शहरवासीयांस त्यांचे वेड लागले. जपानी भाषेत त्यांना निशिकिगोई म्हणतात, म्हणजे किनखाबी कार्प. भातशेतीच्या तळ्यातून श्रीमंतांच्या बागेत गेलेला हा मासा आमच्या अंगणात आला तो आमच्या नातीच्या हट्टाने. कुठल्याशा हॉटेलच्या आवारात तिने तो पाहिला होता.

नातीचा हट्ट हे निमित्त झाले. खरे कारण तिच्या जन्मापूर्वीचे आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो.

वसईच्या वाडीत वाढलेल्या वाचकांस बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु त्यांची मुलेबाळेही हे पान उघडीत असतील, म्हणून सांगतो. बावखल म्हणजे विहिरीहून रुंद आणि तलावाहून लहान असा, वाडीच्या शिंपणासाठी खणलेला जलाशय. त्याला एका बाजूने उतरण असे. पावसाळ्यात ते तुडुंब भरे, ते पाणी रेताड जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना पोहोचे, आणि पाऊस सरल्यावर जमिनीतील पाणी हळूहळू त्यात पाझरत राही. त्यावर रहाट असे. बैल गोल फिरे, गाडगी भरून वर येत आणि पाटाने पाणी केळी, पानवेली, मोगऱ्यापर्यंत जाई. पुढे रहाटाच्या जागी इंजिन आले आणि मग विजेचा पंप आला. बावखल मात्र तेच राहिले. आमच्या वडिलांच्या बावखलात मासे होते, बेडूक होते, काठावर खंड्या बसे. ते मासे कोणी आणून सोडले हे कोणास ठाऊक नव्हते. त्यांना कोणी खाणे घालीत नसे, पाणी कोणी बदलीत नसे, आणि तरी ते मरत नसत.

१९९४ साली आम्ही जुने कौलारू घर पाडून नवे पक्के घर बांधले. घरापुढे मोकळी जागा हवी होती, गाडी उभी करावयाची होती, आणि पाडलेल्या घराच्या विटा-कौलांचे काय करावे हा प्रश्नही होता. बावखल वापरात उरले नव्हते, डास होत होते. दोन्ही प्रश्न एका आठवड्यात सुटले. वडील तेव्हा हयात होते. ट्रॅक्टर रिकामे होत असताना ते काठावर उभे होते. त्यांनी विरोध केला नाही. संध्याकाळी एवढेच विचारले, “खालून येणाऱ्या पाण्याला काय सांगितलेस?” आम्ही हसलो. २००१ साली ते गेले. तो प्रश्न आम्ही तेव्हा विनोदच समजलो होतो.

असो. २०१७ च्या ऑक्टोबरात आम्ही तळ्याचे काम हाती घेतले. बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल, म्हणजे सुमारे अकरा हजार लिटर पाण्याचे. कोई हा मोठा होणारा मासा आहे. दोन फुटांपर्यंत सहज वाढतो, नीट सांभाळल्यास दोन-तीन दशके जगतो, आणि उथळ पाणी उन्हाने तापते, म्हणून चार फुटांहून कमी खोली ठेवू नये असे आम्ही वाचले होते. तळे आम्ही घराच्या बाजूच्या मूळ घट्ट जमिनीवर घेतले. गाळणयंत्र मात्र दृष्टीआड असावे म्हणून अंगणाच्या पलीकडल्या कडेला, कर्दळीच्या वाफ्यामागे बसविले, आणि दोहोंना जोडणारे पाइप अंगणाखालून नेले. पाइपांची वाट जुन्या बावखलावरून जात होती, हे आमच्या ध्यानात होते. त्याला काही अर्थ आहे हे मात्र ध्यानात नव्हते.

गाळण्याच्या कामाविषयी आमची कल्पना स्वयंपाकघरातील गाळणीपुढे गेलेली नव्हती. घाण अडली की पाणी स्वच्छ, एवढेच. क्रॉफर्ड मार्केटातील ज्या दुकानदाराकडून आम्ही सात मासे घेतले (ते जपानचे नव्हेत, येथेच पैदास केलेले) त्याने आमचे हे अज्ञान दूर केले. पाण्यातील कचरा, विष्ठा, शेवाळाचे तंतू हे ब्रश आणि जाळीच्या मॅटने अडवावयाचे, हा गाळण्याचा सोपा भाग. खरी गोष्ट डोळ्यांस दिसत नाही. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो साचला तर त्याच्याच अंगावर उलटतो. गाळणयंत्राच्या दुसऱ्या कप्प्यातील मॅटवर काही जीवाणू वस्ती करतात. त्यांतील एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचे नायट्रेट करते, जे त्यामानाने निरुपद्रवी. ही वस्ती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाणे थोडे आणि धीर पुष्कळ ठेवावा लागतो. बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकून अमोनियाची परीक्षा करता येते. पाणी पिवळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर धोका. पहिला महिना आमच्या सौ. रोज सकाळी ती परीक्षा करीत आणि निकाल किराणाच्या वहीत टिपून ठेवीत. डाळ-तांदळाच्या हिशेबाशेजारी अमोनियाचा हिशेब पाहून आमच्या मुलाने त्यांची थट्टा केली, पण पुढे ती वहीच कामी आली.

या जीवाणूंना श्वासासाठी प्राणवायू लागतो, तो वाहत्या पाण्यातून मिळतो. म्हणजे पंप रात्रंदिवस चालला पाहिजे. तासाला पाच-सहा हजार लिटर पाणी फिरविणारा पंप आम्ही घेतला, म्हणजे सारे तळे दोन तासांत एकदा गाळले जावे. वीज गेली की काही तासांतच ही वस्ती गुदमरू लागते; तेव्हा इन्व्हर्टरवर हवेचा एक लहान पंप जोडला. एवढे सारे करूनही नायट्रेट उरतेच. ते घालविण्यासाठी आठवड्याला तळ्यातील दहावा हिस्सा पाणी काढून तेवढे नवे घालणे हा उपाय. आम्हांस तो उधळेपणा वाटला. पाणी काचेसारखे दिसत असताना हजार लिटर ओतून का द्यावे?

त्याऐवजी आम्ही आमच्या मते मोठी सोयीची योजना केली. उन्हाने तळ्यातील पाणी उडून जाते. मे महिन्यात दिवसाला पाव इंच धरले तरी आमच्या तळ्याच्या मापाने पन्नास-साठ लिटर, म्हणजे चार बादल्या होतात. रोज चार बादल्या कोण ओतणार? गच्चीवरच्या टाकीत असतो तसा बॉलकॉक आम्ही तळ्याच्या कोपऱ्यात बसविला आणि त्याला नळाची जोडणी दिली. पाणी उतरले की चेंडू खाली, नळ सुरू. पाणी चढले की चेंडू वर, नळ बंद. प्लंबरने तोटी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवली, म्हणजे तळ्याचे पाणी उलटे घराच्या नळात ओढले जाऊ नये. तेवढी अक्कल त्याची. तळे त्या दिवसापासून सदैव एकाच रेघेवर भरलेले राहू लागले. येणारे-जाणारे वाखाणणी करीत. आम्हीही मनोमन सुखावत होतो.

या व्यवस्थेत दोन दोष होते. एक रसायनशास्त्राचा. उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यातील क्षार, नायट्रेट सारे मागेच राहते. वरून कितीही भर घातली तरी ते कमी होत नाही, उलट प्रत्येक भरीबरोबर थोडे क्षार वाढतात. भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. हे आम्हांस दुकानदाराने सांगितले होते. आम्ही ऐकले नव्हते. दुसरा दोष त्यानेही सांगितला नव्हता. पाणी किती जाते हे पाहण्याची गरजच बॉलकॉकने संपविली होती.

२०१८ च्या मार्च-एप्रिलात आमची कर्दळ अशी फोफावली की सौ.नी तिचे कंद शेजारणींस वाटले. भर उन्हाळ्यात वाफ्याला पाणी न घालता ती इतकी रसरशीत कशी, हे कोणाच्याही मनात आले नाही. मेअखेरीस पुतणीच्या लग्नास आम्ही सहकुटुंब अर्नाळ्यास गेलो, रात्र तेथेच राहिलो आणि सकाळी सहाच्या सुमारास परतलो. नात गाडीतून उतरून थेट तळ्याकडे धावली. तिची हाक आली नाही, म्हणून आम्ही मागे गेलो.

तळे काठोकाठ भरले होते. पाणी नितळ होते. पाच मासे आडवे तरंगत होते. उरलेले दोन, गाळलेले पाणी जेथे पडते त्या तोंडाशी वर येऊन धापा टाकीत होते. पाण्याला औषधाचा उग्र वास येत होता.

दुकानदारास फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, “नळाचं पाणी किती गेलं आत?” आम्हांस सांगता येईना. त्याने नळ तात्काळ बंद करावयास आणि हायपो टाकावयास सांगितले. एके काळी फोटो स्टुडिओत वापरीत तेच हायपो. ते पाण्यातील क्लोरिन मारते. जुन्या बाटलीत थोडे होते, ते टाकले, हवेचा पंप लावला. दुपारपर्यंत ते दोन मासे सावरले. नळाच्या पाण्यात क्लोरिन घालतात ते आपल्या जिवासाठी, त्यात कोणाचा दोष नाही. पण जे प्रमाण आपल्या घशास जाणवतही नाही, ते माशाचे कल्ले जाळते. उघड्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवले तरी त्यातील बराचसा क्लोरिन उडून जातो. आम्ही ते थेट तळ्यात सोडले होते.

“पण तळं तर भरलेलं होतं ना, आजोबा?” नातीने विचारले. ती रडत नव्हती. तिला खरोखर कळले नव्हते, आणि त्या क्षणी आम्हांसही.

कारण शोधण्याची रीत सोपी आहे. ती आम्ही आधी का केली नाही याचे आजही नवल वाटते. एक बादली तळ्याच्या पाण्याने भरून तळ्याच्याच पायरीवर ठेवावी. उन्हाने बादलीतील पाणी जितके उतरेल तितकेच तळ्यातील उतरले पाहिजे. त्याहून अधिक उतरले तर ते कोठेतरी गळते आहे. नळ बंद करून, पंपही बंद ठेवून पाहिले, तर तळे आणि बादली बरोबरीने राहिली. म्हणजे तळ्याच्या भिंती निर्दोष होत्या. मग पंप सुरू केला. एका तासात तळे अडीच इंच उतरले. अडीच इंच म्हणजे साडेपाचशे लिटरांहून अधिक. दाबाखालचा पाइप कोठेतरी उकलला होता, आणि रात्रभर जितके पाणी जमिनीत जात होते तितके बॉलकॉक इमानाने नळातून घेत होता. त्या रात्री पाणी पहाटेपर्यंत येत होते. तळ्याच्या निम्म्याइतके नळाचे पाणी आत आले असावे. वसईची जमीन रेताड, अंगणात चिखलसुद्धा झाला नाही. कर्दळीला तेवढे महिनोन्महिने ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मजूर लावून अंगण खणले. तीन फुटांवर पाइप सापडला. मधोमध तो झोळीसारखा खाली लोंबत होता आणि एल्बोचा सांधा फाटला होता. खालची जमीन बसली होती. सुरुवातीची बारीक गळती रेतीला भरावाच्या पोकळीत वाहून नेत होती, त्याने जमीन आणखी बसत होती आणि सांधा आणखी उकलत होता. मजुराने पहार घातली ती खटकन् कौलावर लागली. मग कौलेच कौले निघू लागली. आमच्या वडिलांच्या घराची कौले. त्यांवरील कारखान्याची मुद्रा अजून स्पष्ट होती. चौवीस वर्षांनी ती पुन्हा उजेडात आली आणि मजुराने ती अंगणात रचून ठेवली. सौ.नी दाराच्या उंबऱ्यावरून पाहिले आणि काही न बोलता त्या आत गेल्या.

निइगातामधील यामाकोशी या कोईच्या माहेरगावी २३ ऑक्टोबर २००४ रोजी मोठा भूकंप झाला. डोंगर खचले, तळी फुटली, माशांचा मोठा संहार झाला आणि सारे गाव सोडून लोकांस बाहेर पडावे लागले. काही वर्षांनी ते परतले आणि त्यांनी तळी पुन्हा बांधली. हे आम्ही त्या आठवड्यात वाचले. त्यांच्या पायाखालची जमीन भूकंपाने हलली. आमची आम्हीच पोकळ करून ठेविली होती, त्यामुळे तुलना करण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

पाइपाखाली पक्का आधार द्यावा म्हणून भराव काढता काढता मजूर खाली गेले. अकराव्या फुटावर रेती ओली लागली. मजूर वर आला आणि म्हणाला, “साहेब, पाणी आहे.” मेचा अखेरचा आठवडा होता. दुसऱ्या सकाळी खड्ड्यात दीड-दोन फूट पाणी उभे होते. गढूळ, पण गोडे.

बुजवावे की ठेवावे यावर घरात दोन दिवस वाद झाला. मुलाचे म्हणणे, गाडी कोठे उभी करणार? त्याचे म्हणणे रास्त होते; ते आमचेच १९९४ सालचे म्हणणे होते. शेवटी तीन फूट व्यासाच्या सिमेंटच्या रिंगा उतरवून तेथे लहानशी विहीर केली आणि वर लोखंडी झाकण बसविले. गाडी आता कुंपणालगत तिरकी उभी असते.

पाइप अंगणाच्या कडेने, जमिनीवरून नेले. दिसतात तर दिसोत. बॉलकॉक काढून टाकला. रिंगविहिरीचे पाणी पाचशे लिटरच्या उघड्या टाकीत चढवितो. ते भोके पाडलेल्या पाइपातून वरून पडते, कारण जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तो पडताना मिसळतो. तळ्याच्या भिंतीवर इंचाच्या खुणा रंगविल्या आहेत. सकाळी आधी खूण वाचावयाची, वहीत लिहावयाची आणि मगच टाकीची तोटी हाताने उघडावयाची. पाव इंच उतरले असेल तर उन्हाने. अर्धा इंच असेल तर त्या दिवशी दुसरे काम नाही. पावसाळ्यात खूण वर जाते. जादा पाणी सांडव्याच्या पाइपाने रिंगेच्या बाजूच्या शोषखड्ड्यात उतरते.

आठवड्याला हजार-अकराशे लिटर पाणी बदलण्याचा कंटाळा आम्ही आता करीत नाही. एकाच दिवशी न बदलता ते तीन-चार हप्त्यांत बदलतो, कारण टाकी तेवढीच आहे. काढलेले पाणी उरल्यासुरल्या वाडीला जाते. माशांना नको असलेले नायट्रेट केळीला हवे असते. मोगराही पूर्वीपेक्षा बरा फुलतो. विहिरीतून तळ्यात, तळ्यातून वाडीत आणि वाडीतून पुन्हा जमिनीत, असा पाण्याचा फेरा सुरू झाला, तेव्हा एके दिवशी सौ. म्हणाल्या, “म्हणजे बावखलच की हे. फक्त विजेचं बिल येणारं.” आम्हांस उत्तर सुचले नाही. जे काम ती जुनी खाच फुकट करीत होती त्याच्यासाठी आता दोन पंप, एक इन्व्हर्टर, तीन कप्प्यांचे गाळणयंत्र आणि एक किराणाची वही लागते.

क्लोरिनने गाळणयंत्रातील जीवाणूंचीही वाताहत केली होती, त्यामुळे पुढे जवळजवळ दीड महिना थेंब टाकले की पाणी हिरवट होत असे. त्या दोन माशांना आम्ही चिमटी-चिमटीने खाणे घातले. ते जगले. नवे मासे आणावे का, असे नातीला विचारले. “आधी हे दोन राहू देत,” ती म्हणाली. २०१९ च्या मेमध्ये रिंगविहिरीत जेमतेम फूटभर पाणी उरले. आसपासच्या कूपनलिकाही त्याच पाण्यावर चालतात, तेव्हा तक्रार कोणाकडे करावी? पंधरा दिवस आम्ही तळ्याचे पाणी बदलले नाही, केवळ उडालेले भरून काढले, माशांचे खाणे निम्म्यावर आणले आणि आकाशाकडे पाहत राहिलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रिंगेत पाणी चढले.

थोरले काका हल्ली बहुतेक संध्याकाळी येतात. मासे आता हातभर लांब झाले आहेत, पण काका त्यांच्याकडे फारसे पाहत नाहीत. ते काठीने रिंगेवरचे झाकण सरकवितात, वाकून आत पाहतात, पाणी किती रिंगा खाली आहे ते आम्हांस सांगतात आणि घरी जातात.